विश्लेषण : मोबाइलवर फुकट वाचलेल्या गोष्टीचा चित्रपट होतो, तेव्हा लेखकाला काय मिळते?

मंगळावर एकटाच अडकलेला अंतराळवीर बटाटे पिकवून जगतो, ही गोष्ट आज जगभर ठाऊक आहे. तिची सुरुवात मात्र एका संगणक प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, तीही फुकटात झाली होती. ‘फिफ्टी शेड्स ऑफ ग्रे’, ‘आफ्टर’, ‘द किसिंग बूथ’, ‘सायलो’ यांचा प्रवासही असाच आहे. आधी इंटरनेट, मग पुस्तक आणि शेवटी पडदा. मराठीतही आज असंख्य जण मोबाइलवर कथा-कादंबऱ्या लिहीत आहेत. हा प्रवास नेमका कसा होतो, त्यात पैसा कोणाला मिळतो आणि लेखकाने कोणती काळजी घ्यावी, याचा हा आढावा.

‘द मार्शियन’ पडद्यावर कसा पोहोचला?

अमेरिकी लेखक अँडी विअर हे तेव्हा पेशाने प्रोग्रॅमर होते. २००९ पासून त्यांनी ‘द मार्शियन’ ही कादंबरी आपल्या संकेतस्थळावर प्रकरणशः टाकायला सुरुवात केली. वाचकांत विज्ञानाचे जाणकार होते. रसायनशास्त्रातील किंवा गणितातील चूक दिसली की ते कळवत आणि विअर ती दुरुस्त करत. म्हणजे पुस्तक येण्याआधीच त्याचे संपादन सुरू झाले होते आणि तेही विनामूल्य.

पुढे वाचकांनी ही गोष्ट ई-पुस्तकाच्या रूपात मागितली. किंडलवर ती फुकट ठेवणे शक्य नव्हते, म्हणून विअर यांनी सर्वात कमी म्हणजे ९९ सेंट किंमत ठेवली. तीन महिन्यांत सुमारे ३५ हजार प्रती खपल्या. विक्रीच्या यादीत पुस्तक वर चढताच मोठ्या कंपन्यांचे लक्ष गेले. जानेवारी २०१३ मध्ये ऑडिओ हक्क विकले गेले. मार्चमध्ये छापील पुस्तकाचा करार झाला आणि त्याच आठवड्यात चित्रपटाचाही. २०१४ मध्ये पुस्तक आले, तर २०१५ मध्ये रिडली स्कॉट दिग्दर्शित चित्रपट. त्याने जगभरात ६३ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली आणि ऑस्करची सात नामांकने मिळवली.

या घटनाक्रमात एक बारकावा आहे. ऑडिओ, छापील पुस्तक आणि चित्रपट असे तीन वेगवेगळे हक्क तीन वेगवेगळ्या ठिकाणी विकले गेले. गोष्ट एकच, पण हक्क अनेक. पुढच्या सगळ्या उदाहरणांचे मर्म यातच आहे.

फुकट उपलब्ध असलेली गोष्ट प्रकाशक विकत का घेतात?

कारण ते गोष्टीबरोबर तिचा वाचकवर्गही विकत घेतात. नव्या लेखकाचे पुस्तक छापणे हा प्रकाशकासाठी जुगार असतो. संपादन, छपाई, वितरण हा सगळा खर्च आधी करायचा आणि पुस्तक चालले नाही तर गठ्ठे गोदामात पडून राहायचे. इंटरनेटवर गाजलेल्या गोष्टीची परीक्षा आधीच झालेली असते.

वेल्समधील बेथ रीकल्स हिने १५ व्या वर्षी ‘द किसिंग बूथ’ ही कादंबरी ‘वॅटपॅड’ या मंचावर टाकायला सुरुवात केली. ती सुमारे १ कोटी ९० लाख वेळा वाचली गेली. १७ व्या वर्षी तिला ‘रँडम हाऊस’कडून तीन पुस्तकांचा करार मिळाला. पुढे तिने विद्यापीठात भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले आणि २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर चित्रपट आला.

मंचांकडे केवळ वाचनाचा आकडा नसतो. वाचक कोणत्या प्रकरणावर गोष्ट सोडून देतात, कोणत्या परिच्छेदावर प्रतिक्रियांचा पाऊस पडतो, हेही त्यांना दिसते. कॅनडात २००६ मध्ये सुरू झालेल्या वॅटपॅडने या माहितीचा वापर करून चित्रपटायोग्य कथा हेरण्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र विभागच सुरू केला. २०२१ मध्ये दक्षिण कोरियातील ‘नेव्हर’ या कंपनीने वॅटपॅड ६० कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकत घेतले. ही किंमत लाखो हौशी लेखकांच्या लिखाणाभोवती जमलेल्या वाचकांची होती.

दुसऱ्याच्या पात्रांवर लिहिलेल्या गोष्टीचे काय?

इंटरनेटवरील बरेच लेखन ‘फॅन फिक्शन’ असते. आवडत्या कादंबरीतील, चित्रपटातील किंवा प्रत्यक्षातील प्रसिद्ध व्यक्ती घेऊन चाहते नवी गोष्ट रचतात. ती फुकट असते तोवर सहसा कोणी हरकत घेत नाही. विकायची झाली की मात्र मूळ लेखकाच्या स्वामित्व हक्काचा प्रश्न उभा राहतो.

‘फिफ्टी शेड्स’ ही मुळात स्टेफनी मेयर यांच्या ‘ट्वायलाइट’मधील पात्रांवर बेतलेली गोष्ट होती. लेखिका ई. एल. जेम्स ती टोपणनावाने इंटरनेटवर लिहीत होत्या. विक्रीला आणताना एडवर्डचा ख्रिश्चन ग्रे झाला आणि बेलाची अ‍ॅनास्टेशिया स्टील. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका छोट्या प्रकाशनाने ती ई-पुस्तक आणि मागणीनुसार छपाई या पद्धतीने काढली. २०१२ मध्ये मोठ्या प्रकाशनाने हक्क घेतले आणि दोनच वर्षांत मालिकेच्या १० कोटींहून अधिक प्रती खपल्याचे जाहीर झाले. २०१५ मध्ये त्यावर चित्रपट आला.

अ‍ॅना टॉड यांनी ‘आफ्टर’चा बराचसा भाग फोनवर लिहिला. नायक होता गायक हॅरी स्टाइल्स. वॅटपॅडवर ही गोष्ट १०० कोटींहून अधिक वेळा वाचली गेली. पुस्तक येताना हॅरीचा हार्डिन स्कॉट झाला आणि २०१९ मध्ये चित्रपट आला.

मात्र केवळ नावे बदलून भागत नाही. मूळ कृतीतील जग, प्रसंग आणि संवाद ओळखू येत असतील तर दाव्याची टांगती तलवार राहतेच. ‘फिफ्टी शेड्स’मध्ये पिशाच्चे नव्हती आणि ‘ट्वायलाइट’चे गावही नव्हते. त्यामुळे नावे बदलल्यावर गोष्ट स्वतंत्रपणे उभी राहू शकली.

सगळे हक्क विकायलाच हवेत का?

नाही, आणि याचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे ह्यू हॉवी. त्यांनी २०११ मध्ये ‘वूल’ ही छोटी कथा किंडलवर ९९ सेंटला ठेवली. वाचकांनी पुढचा भाग मागितला, म्हणून त्यांनी मालिका लिहिली. प्रकाशकांनी दहा लाख डॉलरहून मोठे प्रस्ताव दिले, पण त्यात ई-पुस्तकाचे हक्कही द्यावे लागणार होते. हॉवी यांनी ते नाकारले. २०१२ मध्ये त्यांनी ‘सायमन अँड शुस्टर’शी तुलनेने कमी रकमेचा, पण फक्त छापील आवृत्तीचा करार केला.

यामागे साधे गणित होते. किंडलवर २.९९ ते ९.९९ डॉलर किमतीच्या पुस्तकावर लेखकाला ७० टक्क्यांपर्यंत वाटा मिळतो, तर इतर किमतींना ३५ टक्के. म्हणजे ९९ सेंटच्या पुस्तकामागे सुमारे ३५ सेंट आणि २.९९ डॉलरच्या पुस्तकामागे सुमारे दोन डॉलर. छापील पुस्तकावर मानधनाचा दर बहुधा १५ टक्क्यांच्या आतच असतो. आपले ई-पुस्तक आधीच तडाखेबंद खपत असताना ते हातचे सोडणे हॉवी यांना परवडणारे नव्हते.

पडद्याची वाट मात्र त्यांच्यासाठीही लांबच ठरली. चित्रपटाचे हक्क २०१२ मध्येच विकले गेले, पण तो चित्रपट झाला नाही. अखेर २०२३ मध्ये अ‍ॅपलच्या ओटीटी मंचावर ‘सायलो’ ही मालिका आली. मधे ११ वर्षे गेली.

चीनमध्ये लेखकांनी एक दिवस लेखन का थांबवले?

इंटरनेट कादंबऱ्यांचा सर्वात मोठा बाजार चीनमध्ये आहे. तेथील ‘छीत्येन’ या मंचाने २००३ मध्ये प्रकरणागणिक पैसे घेण्याची पद्धत सुरू केली. सुरुवातीची प्रकरणे फुकट आणि पुढे दर हजार अक्षरांमागे काही पैसे. लेखक रोज हजारो अक्षरे लिहितात. गाजलेल्या कादंबऱ्यांवर मालिका, अ‍ॅनिमेशन आणि गेम तयार होतात. हा मंच चालवणारी ‘चायना लिटरेचर’ ही टेन्सेंट समूहातील कंपनी २०१७ मध्ये हाँगकाँग शेअर बाजारात सूचिबद्ध झाली.

२०२० मध्ये या कंपनीतील व्यवस्थापन बदलाच्या सुमारास लेखकांशी होणाऱ्या करारावरून वादळ उठले. आपल्या कृतीवरील जवळपास सर्व हक्क कंपनीकडे जातील आणि मोबदल्याविना वाचन फुकट केले जाईल, अशी भीती लेखकांना वाटत होती. ५ मे रोजी अनेकांनी नवे प्रकरण टाकायचे नाही, असे ठरवले. कंपनीने सरसकट फुकट वाचनाचा बेत नसल्याचे स्पष्ट केले आणि जूनमध्ये पर्याय देणारा सुधारित करार आणला. रोज गोष्ट लिहून पोट भरणाऱ्यांच्या हातात तेवढे एकच हत्यार होते : उद्याचे प्रकरण.

मराठीत काय स्थिती आहे?

क्रमशः कादंबरी मराठीला नवी नाही. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी १८९० पासून त्यांच्याच ‘करमणूक’ साप्ताहिकात हप्त्याहप्त्याने येत होती. पुढच्या अंकाची वाट पाहणारा वाचक तेव्हाही होता. आज तो मोबाइलवर ‘पुढील भाग’ची सूचना यायची वाट पाहतो.

बंगळूरुमध्ये २०१४ साली सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’वर मराठीसह १२ भारतीय भाषांत लेखन प्रसिद्ध होते. या कंपनीने २०२० मध्ये मुंबईतील ‘आयव्हीएम पॉडकास्ट्स’ विकत घेतली. २०२१ मध्ये ‘पब्जी’ गेम बनवणाऱ्या ‘क्राफ्टन’च्या पुढाकाराने तिला सुमारे ४.८ कोटी डॉलरचे भांडवल मिळाले. २०२२ मध्ये ‘वेस्टलँड’ प्रकाशनाचा चमू प्रतिलिपीबरोबर आला. थोडक्यात, लिखित गोष्ट, ध्वनी, कॉमिक आणि छापील पुस्तक हे सारे एका छताखाली आणण्याची दिशा येथेही आहे. किंडलवरही २०१६ पासून मराठी पुस्तके मिळतात.

स्वतः पुस्तक काढून यश मिळवल्याचे उदाहरण मुंबईतच आहे. अमीश त्रिपाठी यांचे ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’ वीसहून अधिक प्रकाशकांनी नाकारले. २०१० मध्ये ते स्वतःच्या खर्चाने आणताना त्यांनी पहिले प्रकरण वाचकांना फुकट दिले. पुस्तक तुफान खपले. २०१२ मध्ये करण जोहर यांच्या संस्थेने चित्रपटाचे हक्क घेतल्याचे जाहीर झाले, पण तो चित्रपट आला नाही. हक्क विकले म्हणजे चित्रपट झाला, असे होत नाही. म्हणूनच चित्रपट व्यवसायात पूर्ण हक्कांऐवजी ठरावीक मुदतीचा ‘ऑप्शन’ करार रूढ आहे. मुदतीत निर्मिती सुरू झाली नाही, तर हक्क लेखकाकडे परत येतात.

भारतीय कायदा लेखकाच्या बाजूने आहे का?

बऱ्याच अंशी. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार मूळ लेखन तयार होताच लेखकाला हक्क मिळतो. नोंदणी सक्तीची नाही, मात्र वादात ती पुरावा म्हणून उपयोगी पडते. भाषांतर, रूपांतर, ध्वनिमुद्रण आणि चित्रपट हे सर्व या हक्कांत येतात आणि ते वेगवेगळे देता येतात.

हक्क हस्तांतर लेखी आणि स्वाक्षरीचे हवे. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि किती मोबदला, हे त्यात नमूद हवे. काळ लिहिला नसेल, तर तो पाच वर्षे मानला जातो आणि प्रदेश लिहिला नसेल, तर फक्त भारत. हक्क घेणाऱ्याने वर्षभरात त्यांचा वापर केला नाही, तर ते संपुष्टात येतात. मात्र करारात वेगळे लिहिलेले असेल, तर तेच लागू होते आणि गोम इथेच आहे. कंपन्यांचे करार वकील तयार करतात. त्यामुळे ‘कायमस्वरूपी’, ‘जगभर’ आणि ‘सर्व माध्यमांत’ हे तीन शब्द दिसले की सही करण्याआधी थांबावे.

कथा कोणी उचलली तर काय, हा नेहमीचा प्रश्न. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केले, की नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो. हक्क तिच्या मांडणीवर असतो. नाटककार आनंद तो खटला हरले. त्यामुळे चार ओळींची कल्पना सर्वांसमोर टाकणे जोखमीचे आहे. पूर्ण लिहिलेल्या, तारखेची नोंद असलेल्या कथेचा दावा अधिक भक्कम असतो.

मग लिहिणाऱ्यांनी काय करावे?

वर आलेली नावे मोजकी आहेत. त्यांच्यामागे न गाजलेल्या गोष्टींचा डोंगर आहे. लाखो वाचने म्हणजे लाखो रुपयेही नव्हेत, कारण फुकट वाचणारा प्रत्येक जण पुस्तक विकत घेत नाही. पण गोष्ट गाजेल की नाही हे लेखकाच्या हातात नसले, तरी कोणता हक्क कोणाला द्यायचा हे असते.

मंचावर खाते उघडताना ‘मान्य आहे’ दाबले की सहसा गोष्ट दाखवण्याचा परवाना दिला जातो. स्पर्धा, ऑडिओ रूपांतर किंवा ‘एक्स्क्लुझिव्ह’ योजनेच्या अटी वेगळ्या असू शकतात. त्या प्रत्येक वेळी वाचाव्यात, त्यांची प्रत जपून ठेवावी आणि मूळ हस्तलिखित स्वतःकडेही साठवावे. पटकथेच्या वाटेवर असणाऱ्यांना मुंबईतील ‘स्क्रीनरायटर्स असोसिएशन’चे सदस्य होऊन कथेची नोंद करता येते. विअर आणि हॉवी यांच्याकडे मोठे प्रकाशक आले, तेव्हा त्यांच्या गोष्टींचे हक्क त्यांच्याच हातात होते. म्हणूनच त्यांना सौदा करता आला.