पोटातील देवघेव

आम्ही बँकेतले कारकून. देवघेव आम्हाला कळते. पोटातही ती चालते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. ती स्निग्ध पदार्थ पचवण्यास मदत करतात. त्यांतील सुमारे ९५ टक्के आतड्यातून यकृतात परत जमा होतात. उरलेल्यांचे रूप मोठ्या आतड्यातील जिवाणू पालटतात आणि ही पालटलेली पित्ताम्ले साखर-चरबीच्या वापराबाबत शरीराला निरोप देतात. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील संशोधकांना २०१६ च्या अभ्यासात भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला जिवाणू विपुल आढळले. तंतुमय अन्नाशी त्यांचे नाते सांगितले जाते.

सोलापूरच्या गिरणीत राबलेल्या वडिलांची ज्वारीची भाकरी आम्ही खुर्ची मिळताच सोडली. पुढे मधुमेह आला. कारण तेवढे एकच नसेल. पण विद्यार्थ्यांनो, शिकून नोकरी मिळवा, भाकरी मात्र सोडू नका.