शटरमागचे दिवस

दसरा झाला, की दिवाळीची साफसफाई सुरू होते. माळ्यावरचे डबे खाली येतात, जुनी पातेली मोडीत जातात आणि गल्लीतून 'भंगाऽऽर' अशी हाक आली, की घरोघरी एक प्रश्न हमखास निघतो. त्या जुन्या टीव्हीचं काय करायचं? पलंगाखाली, कोठीच्या खोलीत, कुठं गव्हाच्या कोठीला टेकून तो बसलेला असतो. लागत नाही, पण टाकवतही नाही. भंगारवाला त्याचे शे-दोनशे सांगतो. घरातली तरुण मंडळी म्हणतात, 'देऊन टाक ना, जागा तरी मोकळी होईल!' म्हातारी बाई मात्र काहीच बोलत नाही. पदरानं त्याच्यावरची धूळ पुसते नि आत निघून जाते.

त्या न बोलण्यात काय दडलंय, ते ऐकायचा मला नाद लागला. बचत गटाच्या निमित्तानं बोदवडला आणि आसपासच्या खेड्यांत माझं सारखं फिरणं असतं. बैठक संपली, चहा झाला, की मी हळूच विचारते, 'तुमच्याकडं पहिला टीव्ही कधी आला हो?' मग काय, घरी जायची घाई असलेल्या बायकाही परत बूड टेकतात! असं ऐकता ऐकता आज माझ्याकडं पाच जुने संच जमलेत. आमचे 'हे' म्हणतात, 'लोकं घरात सोनं जमवतात, तू काचेची खोकी जमव!' म्हणू देत. प्रत्येक खोक्याबरोबर मी एक वहीही ठेवली आहे. संच कोणाच्या घरचा, कोणत्या पैशांतून आला, समोर कोण बसायचं आणि कोणाला बसता यायचं नाही, ते सगळं त्यात लिहून ठेवते.

भारतात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ ला, दिल्लीत. आपल्या मुंबई केंद्राचा जन्म २ ऑक्टोबर १९७२ चा. मुंबई-पुण्याकडच्या मैत्रिणी भेटल्या, की 'छायागीत', 'गजरा', दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव यांच्या गोष्टी रंगवून सांगतात. सिनेमात येण्याआधी स्मिता पाटील तिथं बातम्या वाचायच्या, हेही सांगतात. आम्ही खानदेशातल्या बायका ते ऐकून फक्त मान डोलवतो. आमच्याकडं यातलं काही दिसतच नव्हतं ना!

खेड्यापाड्यांत टीव्ही खऱ्या अर्थानं पसरला तो पुढं. ऑगस्ट १९८३ मध्ये 'इन्सॅट-१बी' हा उपग्रह सोडला गेला आणि १९८४ पासून देशभर छोटी छोटी प्रक्षेपण केंद्रं भराभर उभी राहिली. ही केंद्रं उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम घ्यायची आणि जसाच्या तसा पुढं पाठवायची. त्यामुळं आमच्या पिढीला मराठीच्या आधी हिंदी टीव्ही कळला. ७ जुलै १९८४ ला सुरू झालेल्या 'हम लोग'मधली 'बडकी' आमच्या आया-मावश्यांना सख्ख्या नात्यातली वाटायची. शेवटी अशोककुमार येऊन दोन शब्द सांगायचे, ते तर घरातल्या वडीलधाऱ्यानं सांगितल्यासारखे ऐकले जायचे.

तेव्हा टीव्ही ठेवायला परवानाही लागायचा, हे आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात. पोस्टात जाऊन वर्षाचे पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. १९८५ मध्ये ही भानगड संपली. माझ्या संग्रहात असं एक पिवळं पडलेलं पुस्तक आहे. ज्यांनी दिलं, त्यांनी ते घराच्या खरेदीखताबरोबर जपून ठेवलं होतं. यावरूनच टीव्हीची किंमत काय होती ते ओळखा.

माझ्याकडचा सगळ्यात देखणा संच आहे तो लाकडी पेटीतला, सरकतं शटर असलेला. शटरला कुलूप. कार्यक्रम संपला, की शटर ओढायचं, कुलूप लावायचं, वर क्रोशाचं कव्हर आणि त्यावर फुलदाणी! काळ्या-पांढऱ्या पडद्याला रंगीत दिसावं म्हणून वर निळा, मध्ये तांबूस, खाली हिरवा असा प्लास्टिकचा कागदही लावलेला. माणसाचं कपाळ निळं आणि पाय हिरवे दिसायचे, तरी सगळे म्हणायचे, 'रंगीत दिसतो बरं!' तेव्हा वेस्टन, क्राउन, डायनोरा, टेलिव्हिस्टा, हैदराबादच्या सरकारी कारखान्याचा ईसी अशी कितीतरी नावं घरोघरी होती. आज त्यांतलं एकही कानावर पडत नाही.

या संचाची किल्ली सासरेबुवांच्या करगोट्याला असायची, असं तो देणाऱ्या आजींनी सांगितलं. टीव्ही कधी लागणार, कोणी बघायचा, कोणता कार्यक्रम लावायचा, सगळं त्या किल्लीवर. मी विचारलं, 'मग तुम्ही काय काय बघितलंत?' त्या हसल्या. म्हणाल्या, 'आम्ही कुठं पाह्यला वं माय! आम्ही तं चुलीपासून आयकला.' 'रामायण' २५ जानेवारी १९८७ ला सुरू झालं आणि ३१ जुलै १९८८ पर्यंत दर रविवारी सकाळी चाललं. तेवढे दिवस त्या भाकरी थापत थापत रामायण ऐकत होत्या. सीता दिसायला कशी, हे त्यांना पहिल्यांदा कॅलेंडरवरच्या चित्रात कळलं. टीव्ही मात्र दोन भिंतींपलीकडं होता!

'तेव्हा सगळा गाव एकत्र बसून टीव्ही बघायचा, काय ते प्रेम होतं!' असं आपण फार हौसेनं म्हणतो. ते खरं आहे, पण अर्धंच. मी तेव्हा तिसरी-चौथीत होते. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. टीव्हीला हार घालणारे, समोर उदबत्ती लावणारेही पाहिलेत. पण बसायची जागा ठरलेली असायची, हेही पाहिलंय. पुढं पुरुष आणि पोरं, मागं सासवा, दाराच्या चौकटीत सुना आणि खिडकीबाहेर अंगणात वस्तीवरच्या बाया. आत बोलवायला कोणी नाही. पाऊस आला तर डोक्यावर पोतं घेऊन त्या तिथंच उभ्या. आठवणी जपायच्या तर खिडकीच्या आतल्याबरोबर बाहेरच्याही जपायला हव्यात, एवढंच माझं म्हणणं.

दुसरा संच चौदा इंची, हाताला धरून नेता येईल असा. तो बॅटरीवरही चालायचा. वीज गेली, की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि तिला तारा जोडायच्या. हा एका शेतमजूर बाईंनी घेतला होता, स्वतःच्या पैशांनी. त्यांचा मुलगा तो भंगारात घालायला निघाला, तेव्हा त्या दारात आडव्या उभ्या राहिल्या. 'याच्यापायी मी दोन हंगाम कापूस येचला. त्याले शे-दीडशात देऊ?' मुलाला आईचे दोन हंगाम कुठं आठवायला? तो तेव्हा पाळण्यात! मी संच मागितला, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. वहीत नाव त्यांचं लिहायचं, नवऱ्याचं नाही. तसंच लिहिलंय.

टीव्हीनं बायकांना काय दिलं, हा प्रश्न मी प्रत्येकीला विचारते. १९८५ ची 'रजनी' पुष्कळजणींना आठवते. प्रिया तेंडुलकर गॅसवाल्याला, टॅक्सीवाल्याला, सरकारी बाबूला ठणकावून जाब विचारायची. तिच्यामुळं मुंबईत टॅक्सीवाल्यांनी मोर्चासुद्धा काढला होता. १९८९ ची 'उडान'ही आठवते. त्यात कविता चौधरी पोलीस अधिकारी झाली होती. आमच्या गटातल्या एक ताई म्हणाल्या, 'रेशनच्या दुकानात पावती मागायला मी रजनीकडून शिकले.' चौकटीत उभं राहून पाहिलेली गोष्टसुद्धा कुठंतरी रुजते, ती अशी.

जुने टीव्ही जमवणारे वेडे जगात पुष्कळ आहेत. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या हिलियर्ड गावात फक्त सुरुवातीच्या काळातल्या टीव्हींचं संग्रहालय आहे. कॅनडात टोरांटोलाही एक आहे. जॉन लोगी बेअर्डनं २६ जानेवारी १९२६ ला लंडनमध्ये टीव्हीचं प्रात्यक्षिक दाखवलं. तिथपासूनचा प्रवास अशा ठिकाणी बघायला मिळतो. तिकडं मोठे संग्राहक आहेत, पैसा आहे. पण आपल्याकडं घरगुती वस्तू जमवण्याची रीत नाही, असं मुळीच नाही. पुण्याचं राजा केळकर संग्रहालय आठवा. दिनकर केळकरांनी अकाली गेलेल्या मुलाच्या नावानं ते उभं केलं, पत्नी कमलाबाईंच्या साथीनं. गावोगाव फिरून त्यांनी काय जमवलं? दिवे, अडकित्ते, फण्या, वज्र्या, स्वयंपाकाची भांडी! लोकांनी अडगळ म्हटलेल्या वस्तूंतून बायकांचं सगळं जगणं त्यांनी वाचवलं. उद्या टीव्हीची पेटीही त्याच रांगेत बसायला हवी.

या पेटीचा आपल्या महाराष्ट्राशी आणखी एक धागा आहे. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या धूत कुटुंबाची व्हिडिओकॉन आपल्याकडं घरोघरी होती. पैठण रस्त्यावर चितेगावला तिचा कारखाना. २००५ मध्ये या कंपनीनं फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीन इथले कारखाने मराठवाड्यातल्या कंपनीकडं आले. पण नेमक्या त्याच वर्षांत चपटे पडदे आले आणि ट्यूबचे दिवस भरले. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. माझ्याकडचा रंगीत संच त्याच कंपनीचा आहे. एका मावशींनी भिशी लागल्यावर घेतलेला.

आता थोडं कामाचं. जुना संच दिसला, की उत्साहानं बटण दाबू नका. वर्षानुवर्षं बंद असलेल्या संचातले भाग सुकलेले असतात. एकदम वीज दिली तर धूर निघायचा! जाणत्या मेकॅनिककडून तपासून घ्या. तो विजेचा दाब हळूहळू वाढवत नेतो. मागचं झाकण स्वतः कधीच उघडू नका. ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब लागतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ आत साठून राहतो. आणि नुसता अँटेना लावून आता चित्र येणार नाही. दूरदर्शननं जुन्या पद्धतीची जवळजवळ सगळी प्रक्षेपण केंद्रं २०२२ पर्यंत बंद केली. सेट-टॉप बॉक्स आणि जुन्या संचाला चालेल असा जोड मिळाला, तर मात्र चित्र दिसतं. आमच्याकडं एका संचावर असं चित्र आणलं. आधी ट्यूब तापायची वाट पाहायची, मग चित्र उमलायचं आणि बंद केल्यावर मधोमध तो पांढरा ठिपका! शेजारची पोरं ठिपका विझेपर्यंत श्वास रोखून बसली होती.

आणि जे जपायचे नाहीत, त्यांचं काय? याच गोष्टीनं मला खरी काळजी लावली आहे. ट्यूबच्या मानेवर तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. त्या तांब्यासाठी भंगार वेचणाऱ्या बाया दगडानं ट्यूब फोडतात. मी हे गावाबाहेरच्या उकिरड्यावर पाहिलंय. बाजूला लेकरू खेळत होतं. ट्यूबच्या आत हवा नसते, त्यामुळं ती फुटताना काचा जोरात उडतात. रंगीत ट्यूबच्या काचेत शिसं असतं, मोठ्या ट्यूबमध्ये तर किलोच्या मापात. आतली पूडही अपायकारक. शिशाचा सगळ्यात वाईट परिणाम होतो तो लहान मुलांच्या मेंदूवर. आपण साफसफाई करून दारात रांगोळी काढतो आणि ते विष दुसऱ्या बाईच्या ओट्यात टाकतो!

ई-कचऱ्याचा कायदा आपल्याकडं १ मे २०१२ पासून आहे. नवे नियम १ एप्रिल २०२३ ला लागू झाले. त्यांत टीव्ही येतो. नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्रांची माहिती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं मिळते. एकटीला एक टीव्ही घेऊन जळगावला जाणं परवडत नाही, हे मलाही कळतं. म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी ठरवलंय, की दिवाळीआधी सगळे बंद संच एका ठिकाणी जमवायचे आणि एकच गाडी करून नीट जागी पोचवायचे. भंगार वेचणाऱ्या दोघीजणींनाही या कामात घेतलं आहे. फोडायचं नाही, अख्खा आणायचा, त्याचे पैसे आम्ही देणार. पैसे थोडे आहेत, पण फोडण्यापेक्षा बरे, असं त्याच म्हणतात.

तेव्हा मैत्रिणींनो, यंदा माळा आवरताना तो जुना संच खाली आला, तर लगेच दारात नेऊ नका. आधी घरातल्या आजींना, सासूबाईंना त्याच्याशेजारी बसवा. कोणी आणला, कशातून आणला, तुम्ही कुठं बसून बघायचा, असं विचारा आणि ऐकलेलं लिहून ठेवा. शाळेच्या वहीची चार पानं पुरतात. मग संच जपायचा की सोपवायचा, ते खुशाल ठरवा. पण नाव मात्र त्यांचंच लिहा.