कलाप्रकल्पाचा प्रस्ताव : आशय एक, वाचक अनेक

प्रस्तावना :
महाविद्यालयातील कला, साहित्य व नाट्य विभाग प्रदर्शन, भित्तिचित्र, ध्वनिमुद्रण असे विविध प्रकल्प हाती घेतात. त्यांचा एकच मसुदा जागेचे व्यवस्थापन, अनुदान देणारी संस्था व स्थानिक नागरिक या सर्वांपुढे ठेवला जातो आणि अनेकदा तो तिन्ही ठिकाणी अपुरा ठरतो. प्रस्ताव वाचकानुसार बदलावा हे मान्य केले, तरी नेमके काय बदलावे आणि काय बदलू नये, हा प्रश्न उरतोच. प्रस्तुत लेखात न्यूयॉर्कमधील 'द गेट्स' या प्रकल्पाच्या आधारे त्याचा विचार केला आहे.

'द गेट्स' : नकार ते मंजुरी :
ख्रिस्तो व जाँ-क्लोद या कलावंत दांपत्याने १९७९ मध्ये सेंट्रल पार्कच्या पायवाटांवर केशरी कापडाची द्वारे उभारण्याची कल्पना मांडली. १९८१ मध्ये उद्यान आयुक्त गॉर्डन डेव्हिस यांनी सविस्तर अहवाल देऊन ती नाकारली. खांबांसाठी जमिनीत खड्डे खणावे लागणार होते आणि उद्यानाच्या हानीची चिंता मोठी होती. जानेवारी २००३ मध्ये महापौर मायकेल ब्लूमबर्ग यांच्या काळात मंजुरी मिळाली, तेव्हा प्रस्तावातून खड्डे वगळलेले होते. खांब पायवाटांवर ठेवलेल्या जड पोलादी बैठकींवर उभे राहणार होते. द्वारांची संख्या घटली होती. हंगाम शरदाऐवजी हिवाळ्याचा झाला होता. १२ ते २७ फेब्रुवारी २००५ या काळात सुमारे ३७ किलोमीटर पायवाटांवर ७,५०३ द्वारे उभी राहिली.

येथे प्रशासनही बदलले होते. म्हणून यशाचे सर्व श्रेय मसुद्याला देता येणार नाही. तथापि, कलावंतांनी आक्षेपांना रचनेतूनच उत्तर दिले, हे महत्त्वाचे आहे. पायवाटांवरून चालण्याचा अनुभव, केशरी कापड, अल्पकालीन अस्तित्व व विनामूल्य प्रवेश हा गाभा मात्र कायम राहिला. बदलली ती उभारणीची रीत.

निधीबाबतही हे उदाहरण बोलके आहे. कलावंतांनी प्रायोजक घेतले नाहीत; पूर्वतयारीची रेखाटने व अन्य कलाकृती विकून खर्च उभा केला. एकाच प्रकल्पाने उद्यानाला जागेच्या सुरक्षिततेची हमी दिली, तर ग्राहकाला कलाकृती.

आपल्या परिसरातील उपयोजन :
समजा, एखाद्या महाविद्यालयाला जात्यावरील ओव्यांचे ध्वनिप्रदर्शन भरवायचे आहे. त्यासाठी तीन वाचकांचे प्रश्न वेगवेगळे असतील.

१) ग्रामपंचायत : समाजमंदिर किती दिवस लागेल? वीज, स्वच्छता व सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची?
२) अनुदान देणारी संस्था : ध्वनिमुद्रणाची पद्धत कोणती? अंदाजपत्रक काय? संग्रह पुढे कोठे राहील आणि अभ्यासकांना कसा मिळेल?
३) ओव्या गाणाऱ्या स्त्रिया : आपला आवाज कोठे ऐकविला जाईल? आपले नाव लागेल का? मानधन किती? नंतर नको वाटले तर मुद्रण काढून टाकता येईल का?

पहिले दोन मसुदे लिहिले जातात. तिसरा बहुधा लिहिलाच जात नाही. वस्तुतः प्रकल्पाचा खरा ऐवज ज्यांच्याकडे आहे, त्यांनाच प्रस्ताव दिला जात नाही. हा मसुदा बोलीभाषेत असावा आणि तो त्यांना वाचून दाखवावा.

मर्यादा व समारोप :
वाचकानुसार भाषा, क्रम व तपशिलाचे प्रमाण बदलावे. आकडे, उद्देश व आश्वासने बदलू नयेत. अनुदानाच्या अर्जात मानधनाची एक रक्कम व गायिकेला सांगितलेली दुसरी, असे झाल्यास ती फसवणूक ठरते. यासाठी एक साधी कसोटी सुचविता येते : कोणताही मसुदा उरलेल्या दोन्ही वाचकांसमोर निःसंकोचपणे मोठ्याने वाचता आला पाहिजे. या कसोटीला उतरणारा बदल म्हणजे अनुकूलन. न उतरणारा बदल म्हणजे केवळ खुशामत. विद्यार्थ्यांना प्रस्तावलेखन शिकविताना हा भेद प्रथम शिकविणे आवश्यक आहे.