नोकरकपात : कुर्ल्याचा जुना धडा

नोकरकपात हा शब्द कुर्ल्याला नवा नाही. 1886 मध्ये जमशेटजी टाटांनी येथील तोट्यात चाललेली धरमसी गिरणी विकत घेतली व तिला ‘स्वदेशी’ हे नाव दिले. पुढे वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना येथे उभा राहिला. मुंबईच्या रस्त्यांवरची काळीपिवळी पद्मिनी ती येथलीच. 1982 चा गिरणी संप, त्यानंतर एकामागून एक मिटलेले दरवाजे, 2000 च्या सुमारास थांबलेले पद्मिनीचे उत्पादन, स्वदेशीच्या कामगारांची वर्षानुवर्षे कोर्टात अडकलेली देणी, हे सारे येथील अनेक घरांनी सोसले आहे. अशाच घरांतली मुले आज वांद्रे-कुर्ला संकुलात, पवईस किंवा ऐरोलीस संगणकावर काम करतात. तेव्हा त्यांच्या उद्योगातील कपातीचा विचार कुर्ल्यात करणे अप्रस्तुत होणार नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. 2022 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मेटा कंपनीने 11,000 माणसे कमी केली. 2023 च्या जानेवारीत गुगलने 12,000 व मायक्रोसॉफ्टने 10,000 जागा कमी करण्याचे जाहीर केले. आपल्याकडे जुलै 2025 मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सहा लाखांहून अधिक नोकरांपैकी सुमारे 2 टक्के, म्हणजे 12,000 हून अधिक लोक कमी करण्याचा निर्णय सांगितला. त्यांत मधल्या व वरच्या श्रेणीचे लोक मुख्यतः होते. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की त्याआधीच्या तिमाहीत कंपनीला 12,700 कोटींहून अधिक निव्वळ नफा झाला होता.

नफा असता कपात कशी, असा प्रश्न साहजिक आहे. गिरणी कापड विकते. या कंपन्या माणसांचे तास विकतात. अमेरिकेतील बँक किंवा विमा कंपनी काम देते, त्या कामावर जितके दिवस माणूस लावला असेल तितक्या दिवसांचे बिल निघते. ज्याच्या नावे बिल निघत नाही तो ‘बेंचवर’ बसला असे म्हणतात. याच कंपनीने जून 2025 मध्ये नियम केला, की वर्षातून 225 दिवस तरी माणूस बिलाच्या कामावर हवा व 35 दिवसांहून अधिक काळ बेंचवर नसावा. नव्याने लागलेला मुलगा थोड्या पगारात कामाला लावता येतो. पंधरा वर्षे मुरलेल्या माणसाचा पगार मात्र ग्राहकाच्या डोळ्यांत येतो. त्यात प्रोग्राम लिहून देणारी कृत्रिम बुद्धीची साधने आली. कंपनीने कारण दिले ते कौशल्याचा मेळ बसत नाही हे. पण ग्राहक थोड्या माणसांत अधिक काम मागू लागला आहे, हेही तितकेच खरे.

हे आम्ही पूर्वी ऐकलेले आहे. दोन माग सांभाळणाऱ्या विणकऱ्याने तीन सांभाळावेत, अशी योजना मुंबईच्या गिरण्यांत ‘रॅशनलायझेशन’ या नावाने आली, आणि 1928 मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रचंड संप झाला. तेव्हाचा तिसरा माग आणि आजचे नवे साधन यांत तत्त्वाचा फरक फारसा नाही.

फरक आहे तो निराळ्या जागी. गिरणीच्या दरवाजाला टाळे लागे तेव्हा सगळी चाळ एकदम दुःखात पडे, व म्हणून एकत्र उभीही राही. कुर्ल्याचाच कमानी ट्यूब्स हा कारखाना बंद पडला, तेव्हा कामगारांनी तो आपल्या सहकारी संस्थेमार्फत चालविण्याचा आग्रह धरला, आणि 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यास मान्यता दिली. पुढे तो अडचणीत आला हे खरे. पण काही वर्षे बंद धुराड्याखाली पुन्हा काम झाले, ते संघटनेच्या बळावर. संगणकवाला मात्र एकटा पडतो. त्याला एका खोलीत बोलावतात आणि स्वतः राजीनामा द्या म्हणजे पुढच्या नोकरीला डाग लागणार नाही, असे सुचवितात. लाजेने तो सही करतो, आणि घरी आठ-आठ दिवस सांगत नाही.

ही सही म्हणजे सर्व प्रकरणाचे मर्म होय. 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे वर्षभर अखंड नोकरी झालेल्या कामगाराला कमी करावयाचे असल्यास एक महिन्याची सकारण नोटीस अथवा तितका पगार, दर पूर्ण वर्षाला 15 दिवसांचे वेतन, आणि नवे कौशल्य शिकण्यासाठी आणखी 15 दिवसांचे वेतन द्यावे लागते. कायद्याच्या हिशेबातले ज्याचे मासिक वेतन 60,000 रुपये आहे, त्यास 12 वर्षांच्या नोकरीबद्दल साधारण 3,60,000 रुपये होतात, ग्रॅच्युइटी निराळी. मात्र स्वेच्छेने नोकरी सोडणे ही कायद्याने कपात ठरत नाही. राजीनाम्यावर सही झाली, की हा हक्क सांगणे कठीण होऊन बसते.

‘आम्ही कुठे कामगार? आम्ही इंजिनियर,’ असे पुष्कळ तरुण म्हणतात. वस्तुतः तांत्रिक काम करणारा माणूस, पगार कितीही असो, कायद्याच्या व्याख्येत बसू शकतो. व्यवस्थापक वगळले आहेत, आणि देखरेखीचे काम करून महिना 18,000 रुपयांहून अधिक मिळविणारेही. परंतु न्यायालये हुद्द्याच्या पाटीकडे न पाहता प्रत्यक्ष काम काय होते ते पाहतात. नावापुढे ‘मॅनेजर’ लागले एवढ्यानेच हक्क बुडत नाही.

कायद्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. 300 किंवा अधिक कामगारांच्या कारखान्याला, खाणीला व मळ्याला कपातीपूर्वी सरकारची परवानगी लागते. संगणकाच्या कचेरीला ती लागत नाही. म्हणजे कायदा नुकसानभरपाई देईल, नोकरी राखील असे नाही. म्हणून मधल्या वयात नवे शिकणे, घराच्या हप्त्यांपुरते सहा महिन्यांचे पैसे बाजूला ठेवणे व समव्यवसायींच्या संघटनेत नाव घालणे, या तिन्ही गोष्टी नोकरी चालू असतानाच करावयाच्या आहेत.

आणि चौथी गोष्ट घरच्यांनी करावयाची. गिरणी बंद पडली तेव्हा कामगार नालायक होता असे कुर्ल्यात कोणी म्हटले नाही. तोच न्याय संगणकावरच्या मुलालाही लावावा. म्हणजे तो सही करण्यापूर्वी घरी येऊन विचारील.