परसबागेत विष कशाला?

आज बोलू आपल्या परसातल्या भाजीवरच्या किडीबद्दल.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वालाच्या वेलावर मावा पडला. शेंडे काळे झाले, पानं चिकट झाली. घरात कपाशीवर मारून उरलेलं औषध होतं. मी पंप उचलला, तशा सासूबाई म्हणाल्या, "अगं, उद्या याच शेंगांची भाजी करायची ना?" मी पंप खाली ठेवला. औषधाच्या बाटलीवर फवारल्यानंतर किती दिवस माल तोडायचा नाही, ते लिहिलेलं असतं. परसातली भाजी तर आपण रोज तोडतो. पोरं टोमॅटो न धुताच खातात. तेव्हापासून आमच्या बचत गटानं ठरवलं, रानातलं औषध परसात आणायचं नाही.

मग करायचं काय? आधी बघायचं. सकाळी पाणी घालताना पानं उलटून बघा. मावा थोडा असेल तर पाण्याच्या जोरानं धुऊन काढा, जास्त असेल तर ते शेंडे खुडून टाका. त्याच वेलावर लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा दिसला तर त्याला मारू नका. तो आणि त्याची पिल्लं मावा खातात.

वांग्याचा शेंडा एकाएकी मान टाकतो, तेव्हा आत अळी असते. वरून काहीही फवारलं तरी तिच्यापर्यंत नीट पोचत नाही. शेंडा अळीच्या खालून खुडा आणि जाळा किंवा खोल पुरा. किडकी वांगी उकिरड्यावर टाकू नका.

पांढऱ्या माशीसाठी जुन्या डब्याचं झाकण पिवळं रंगवा, त्याला एरंडेल चोपडा आणि झाडाच्या उंचीवर टांगा. माश्या पिवळ्या रंगाकडे येतात आणि चिकटतात. आठवड्याला पुसून पुन्हा तेल लावा.

एवढ्यानं भागलं नाही तर निंबोळी अर्क. ५० ग्रॅम सुक्या निंबोळ्या कुटून फडक्यात बांधा आणि सकाळी एक लिटर पाण्यात भिजत घाला. संध्याकाळी पुरचुंडी चांगली पिळा, पाणी गाळा, त्यात चिमूटभर साबणाचा चुरा विरघळवा म्हणजे अर्क पानाला धरतो. आधी दोन-चार पानांवर मारून बघा. दुसऱ्या दिवशी पानं करपली नाहीत, तर ताजा अर्क करून सगळीकडे पानांच्या खालूनसुद्धा फवारा. फवारणी संध्याकाळीच करा, कारण उन्हानं अर्काचा गुण जातो. उरलेला अर्क साठवू नका. यानं कीड लगेच मरत नाही. ती खाणं सोडते, तिची वाढ खुंटते. म्हणून आठ दिवसांनी पुन्हा फवारा. भाजी धुऊनच खा.

एक सावधगिरी. घरगुती आहे म्हणून सगळंच निर्धोक नसतं. तंबाखूचं पाणी फवारा असं कुणी सांगेल, पण तेसुद्धा विषच आहे. खायच्या भाजीवर मारू नका. आणि अर्काचं भांडं, गाळणं स्वयंपाकघरापासून वेगळं ठेवा.

निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला झाडाखाली पडतात. यंदा गटानं मिळून वेचा. गर धुऊन बिया सावलीत वाळवा आणि कापडी पिशवीत भरून ठेवा. वर्षभराचं औषध फुकटात होईल.