स्फटिकांत कोंडलेला अणु

पुणें जिल्ह्यांतील खोडद परिसरांत पसरलेल्या ३० रेडिओ-दुर्बिणी आकाशस्थ हायड्रोजनचा जो सूर टिपतात, तो सेकंदास सुमारें १४२ कोटी आंदोलनांचा असतो. हाच अणु दगडांत कोंडला तर? हायड्रोजन मिसळलेल्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, कीं सुटा अणु त्यांतील पोकळींत अडकून राहतो. मग चुंबकाचा जोर बदलीत त्यावर सूक्ष्मलहरी सोडाव्या. दोन ठराविक जोरांवर तो त्या शोषितो व त्या दोहोंतील अंतरावरून त्याचा सूर कळतो. या शोधाचा पाया झावॉयस्की यांनीं १९४४ सालीं कझान येथें घातला. १९६२ सालीं हॉल व शूमाकर यांना कॅल्शियम फ्लोराइडांत हा सूर सुमारें १४६ कोटींवर चढलेला आढळला. ही चढण म्हणजे शेजारच्या अणूंच्या दाटीचा परिणाम होय. डोळ्यांना न दिसणाऱ्या कोठडीची हकीकत अशी तिचा बंदिवानच सांगतो.