लिंबाचें मसालेदार सरबत : कृति व कारणें

वैशाखाच्या उन्हांतून घामाघूम होऊन घरीं आलेल्या मनुष्यापुढें लिंबाच्या सरबताचा गार पेला ठेवला, तर त्याच्या मुद्रेवर जें समाधान दिसतें, त्याचें वर्णन करण्याची आवश्यकता नाहीं. लिंबू पिळलें, साखर ढवळली, कीं सरबत झालें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु ह्या साध्या कृतींतहि काय तापवावें व काय तापवूं नये, हें जाणण्यासारखें आहे. कारण सरबत रुचकर होणें व निर्धोक होणें ह्या दोन्ही गोष्टी त्यावरच अवलंबून असतात. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस कृतीबरोबर तिचीं कारणेंहि सांगावीं, असें आम्हीं योजिलें आहे.

चार मोठ्या पेल्यांस पुढील साहित्य पुरेल : पाणी एक लिटर, साखर ८० ग्रॅम, पातळ सालीचीं कागदी लिंबें ३ किंवा ४, आल्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, काळ्या मिरीचे ६ दाणे, वेलदोडे २, जिरें एक लहान चमचा आणि मीठ किंवा सैंधव अर्धा लहान चमचा.

प्रथम सर्व पाणी उकळावें. खळखळून उकळी फुटल्यावर निदान एक मिनिट तें तसेंच उकळूं द्यावें. त्यांतील पेलाभर पाणी निराळ्या पातेलींत घेऊन बाकीचें झांकून ठेवावें. पातेलींत साखर, ठेंचलेलें आलें व भरड कुटलेली मिरी घालून पांच मिनिटें मंद आंचेवर ठेवावें. उतरतांना वेलदोडे कुटून टाकावे व लागलीच झांकण घालावें. मसाल्याचा सुवास त्यांतील उडून जाणाऱ्या तेलांत असतो. उष्णतेनें तीं तेलें मोकळीं होतात; झांकण नसेल, तर सुवास पाकांत उतरण्याऐवजीं घरभर दरवळतो. वेलदोड्याचा वास विशेष नाजूक, म्हणून तो शेवटीं घालावयाचा. जिरें मात्र कोरडेंच भाजून कुटावें. भाजल्यानें येणारा खमंगपणा त्यास उकळून येत नाहीं.

पाक पूर्ण निवाल्यावर गाळून उकळलेल्या पाण्यांत मिसळावा व त्यांत मीठ आणि जिऱ्याची पूड घालावी. मग लिंबें धुवून, पाटावर तळहातानें दाबून लाटावीं, म्हणजे रस चांगला सुटतो. पिळतांना बिया चिरडूं नयेत व साल पिळवटूं नये. कडवटपणा बहुधा तेथूनच येतो. हा रस अगदीं ऐनवेळीं घालावा, गरम पाकांत कधींहि घालूं नये. आम्हीं स्वतः एकदां घाईनें कढत पाकांत रस ओतला होता. ताज्या लिंबाचा सुवास पार नाहींसा झाला व सरबतास शिळी चव आली.

चवीबरोबर आणखीहि कांहीं जातें, हें इतिहासावरून कळून येईल. पूर्वीं दूरच्या सफरीवरील खलाशांच्या हिरड्या सुजून त्यांतून रक्त वाहे आणि पुष्कळजण मरत. ह्या रोगास स्कर्व्ही म्हणतात. सन १७४७ मध्यें जेम्स लिंड ह्या आरमारी वैद्यानें 'सॉल्सबरी' जहाजावर बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून प्रत्येकीस निराळा उपचार दिला. ज्या जोडीस संत्रीं व लिंबें मिळालीं, ती सर्वांत लवकर सुधारली. पुढें १७९५ सालीं ब्रिटिश आरमारांत लिंबाचा रस देण्याचा नियम झाला. एकोणिसाव्या शतकांत मात्र त्याच्या जागीं दुसऱ्या जातीच्या लिंबांचा रस आला. त्यांत सत्त्व मुळांतच कमी. शिवाय तो दीर्घकाळ सांठविलेला व तांब्याच्या नळ्यांतून आलेला. १८७५-७६ च्या उत्तर ध्रुवाकडील सफरींत ह्या रसाचा शिधा असूनहि खलाशांस स्कर्व्हीनें गांठलें! हें सत्त्व म्हणजे 'क' जीवनसत्त्व. त्याविषयींच्या संशोधनाबद्दल सेंट-ग्यॉर्गी ह्या हंगेरियन शास्त्रज्ञास १९३७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उष्णता, हवा व तांबें ह्यांनीं त्याचा नाश होतो. म्हणून रस ताजा असावा, थंड पाण्यांत घालावा, आणि भांडें कांचेचें, चिनी मातीचें किंवा स्टीलचें असावें. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यांत आंबट पदार्थ कळकतो, हें तर आपल्या आज्या पूर्वींपासून सांगत आल्या आहेत.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. लिंबाच्या आंबटपणानें पाण्यांतील जंतू मरतात, असें पुष्कळांस वाटतें. पण पेलाभर पाण्यांत पिळलेल्या थोड्या रसावर असा भरंवसा ठेवणें धोक्याचें आहे. बर्फानेंहि सारे जंतू मरत नाहींत. पटकी, विषमज्वर व कावीळ हे रोग दूषित पाण्यावाटे पसरतात. यास्तव पाणी उकळलेलें असावेंच, परंतु बर्फहि उकळलेल्या पाण्याचाच घालावा. नाहींतर सारी खबरदारी त्या एका खड्यानें व्यर्थ होईल.

घामावाटे पाण्याबरोबर मीठहि जातें, म्हणून सरबतांत मीठ उपयोगी पडतें. तथापि जुलाब होत असलेल्या मुलास हें सरबत औषध म्हणून देऊं नये. जास्त साखरेनें जुलाब वाढण्याचा संभव असतो. त्यासाठीं दवाखान्यांत मिळणारी क्षारांची पुडी आणावी. ती मिळेपर्यंत एक लिटर स्वच्छ पाण्यांत सपाट सहा लहान चमचे साखर व सपाट अर्धा लहान चमचा मीठ विरघळवून थोडें थोडें पाजावें आणि वैद्यकीय सल्ला घ्यावा. आमच्या सरबतांत साखर ह्याच्या जवळजवळ तिप्पट आहे, हें ध्यानांत ठेवावें. योग्य प्रमाणांत साखर व मीठ आंतड्यांत एकत्र शोषलीं जातात आणि पाण्यासहि बरोबर ओढून नेतात. १९७१ सालीं बंगालमधील बनगांव येथें निर्वासितांत पटकी उद्भवली, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस ह्यांनीं ग्लुकोज व क्षार मिसळलेलें असेंच पाणी पाजून असंख्य रोग्यांचे प्राण वाचविले.

असो. पाणी तापवावें तें आरोग्यासाठीं, मसाला तापवावा तो सुवासासाठीं, आणि रस तापवूं नये तो सत्त्वासाठीं, एवढें लक्षांत राहिलें तरी पुरे. आमच्या विद्यार्थ्यांनीं ह्या सुटींत वडील माणसांच्या देखरेखीखालीं हें सरबत एकदां तरी स्वतः करावें, व पहिला पेला दिवसभर घरासाठीं राबणाऱ्या आपल्या आईच्या हातीं द्यावा.